नॅनो औषधं मेंदूपर्यंत खरंच पोचतात का? पार्किन्सन, लकवा, फिट्स असलेल्या घरांसाठी धागा

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा काढायचं कारण सांगतो. मागच्या काही महिन्यांपासून आपल्या भागात, म्हणजे जिंतूर, सेलू, परभणी आणि तिकडं पार हिंगोलीपर्यंत, नॅनो थेरपीच्या नावाखाली बरंच काही विकलं जायलंय. मंगल कार्यालयात शिबिर लावतात, पार्किन्सन असो, लकवा असो, फिट्स असोत की विसरभोळेपणा, सगळ्याला एकच बाटली. मी मेडिकल चालवतो, एम. फार्म. केलेलं आहे, आणि माझ्या सख्ख्या मामांना पार्किन्सन आहे, त्यामुळं हा विषय माझ्या दुकानाचा बी आहे अन् घरचा बी. मामांनी अशीच एक बाटली आणली आणि शिबिरवाल्यानं सांगितलं म्हणून जुन्या गोळ्या बंद करायच्या बेतात होते. मामींनी फोन केला म्हणून कळलं.

पहिले एवढं वाचा, बाकी नाही वाचलं तरी चालेल. पार्किन्सनची लेव्होडोपाची गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करायची नसते. अंग ताठरतं, जोराचा ताप चढतो, शुद्ध हरपते, जिवावर बेतू शकतं. फिट्सच्या गोळीचं बी तसंच, अचानक सोडली की फिट्सची रांग लागू शकते.

आता मुद्द्याचं. नॅनो म्हणजे सगळं थोतांड असं मला अजिबात म्हणायचं नाही. मेंदूच्या औषधांची खरी अडचण औषध शोधण्यात जेवढी आहे तेवढीच ते आत पोचवण्यात आहे. मेंदूत बारीक रक्तवाहिन्यांचं जे जाळं आहे त्याची एकूण लांबी ६०० किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे रक्त मेंदूच्या कानाकोपऱ्यात जातंच. पण इतर अवयवांत या वाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशींमध्ये फटी असतात, मेंदूत त्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात, आणि वरून त्यांच्यात असे पंप असतात की नको ते आत शिरलं तर परत रक्तात फेकतात. १८८५ मध्ये पॉल एर्लिख यांनी जनावरांच्या रक्तात रंग सोडला तर सगळं अंग रंगलं पण मेंदू कोरा राहिला. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य गोल्डमन यांनी तोच प्रकार उलटा केला, रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला तर मेंदू रंगला अन् बाकी शरीर कोरं. लहान रेणूंच्या औषधांपैकी सुद्धा ९८ टक्क्यांच्या आसपास ही भिंत ओलांडत नाहीत असं या क्षेत्रात धरून चालतात, अँटिबॉडीसारखे मोठे रेणू तर जवळपास नाहीच.

मामांच्याच गोळीचं बघा. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन कमी पडतं, मग डोपामिनच का देत नाहीत? कारण ते भिंत ओलांडत नाही. लेव्होडोपा ओलांडतं, कारण ते अमिनो आम्लासारखं दिसतं आणि अमिनो आम्लं आत न्यायची जी वाट मेंदूनं ठेवलीय तिच्यातून ते जातं. म्हणून तर डॉक्टर सांगतात की गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या, डाळ, दूध, अंडी यांच्यासोबत घेतली तर प्रथिनातली अमिनो आम्लं त्याच वाटेवर गर्दी करतात. हे मामांना आम्ही समजावलं तेव्हा त्यांचा दुपारचा थरथराट बराच आटोक्यात आला.

तर नॅनोवाले जे करायलेत ते असं की औषध चरबीच्या किंवा पॉलिमरच्या अतिबारीक कणात भरायचं, साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपास (तांबडी रक्तपेशी ७००० नॅनोमीटरची असते, त्यावरून अंदाज करा), आणि त्या कणाला असं काही लावायचं की भिंत त्याला आत घेईल. म्हणजे कण हा वाहक आहे. माझं म्हणणं एवढंच की कोणी नॅनो म्हणून काही विकायला आलं तर पहिले विचारा, आत औषध कोणतं आहे, आणि ते मेंदूत पोचतं हे माणसात कुठं दाखवलंय? मामांच्या बाटलीवर औषधाचं नावच नाही. लायसन्स नंबर शोधला तर सापडला तो चौदा आकडी, अन्नपदार्थांच्या परवान्याचा. म्हणजे सरकारदरबारी ती बाटली औषध नाहीच, खाण्याची वस्तू आहे, अन् विकायलेत पार्किन्सनसाठी.

ज्यांना या विषयातलं ठाऊक आहे त्यांनी लिहा. ज्यांच्या घरी असे पेशंट आहेत त्यांनी बी लिहा.

मांजरातीर

चांगला धागा. मी शेतकरी माणूस, आमच्याकडं २०२१ पासून नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली यायलीय, पंचेचाळीस किलोच्या गोणीचं काम करते म्हणतात. त्यामुळं गावात लोकांना वाटतंय की नॅनो म्हणजे थोडक्यात जास्त ताकद. शिबिरवाले बी हेच सांगतात, एक थेंब म्हणजे पन्नास गोळ्या. असं असतं का दादा?

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

@मांजरातीर नाही दादा. कण बारीक केल्यानं औषधाची ताकद पन्नासपट होत नाही. विरघळणं सुधारू शकतं, शरीरात कुठं जातं ते बदलू शकतं, किती वेळ टिकतं ते बदलू शकतं. डोस तर डॉक्टरच ठरवणार. पिकाच्या पानावर फवारा मारणं आणि माणसाच्या मेंदूत औषध नेणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

सिस्टर_लातूर

मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. नॅनो नॅनो म्हणून लोक जे शोधायलेत ते आपल्या वॉर्डात येऊन गेलंय, फक्त कोणी त्याला नॅनो म्हटलं नाही. २०२१ ची म्युकरची लाट आठवते का? नाकातून डोळ्यात अन् डोळ्यातून मेंदूकडं चढणारी ती बुरशी. तिच्यावरचं लायपोसोमल अँफोटेरिसिन म्हणजे नॅनो औषधच, अँफोटेरिसिन चरबीच्या अतिबारीक गोळ्यांमध्ये बसवलेलं.

साधं अँफोटेरिसिन मी दिलेलं आहे, ते चढवताना पेशंट थंडीनं असा हुडहुडायचा की दोन-दोन ब्लँकेटं घालून बी कॉट हलायची, पोटॅशियम खाली यायचं, किडनीचे रिपोर्ट बिघडायचे, म्हणून डोस वाढवता यायचा नाही. लायपोसोमलमध्ये तो त्रास बराच कमी, त्यामुळं किलोमागे ५ मिलिग्रॅम रोज देता यायचं, साध्याचं १ च्या आसपासच देता येतं. आता हिशोब करा, ६० किलोचा माणूस म्हणजे ३०० मिलिग्रॅम, ५० ची एक व्हायल, म्हणजे रोज सहा व्हायल, आणि असे कित्येक दिवस. पिवळी पावडर असते, त्यात निर्जंतुक पाणी घालून जोरात हलवायची, मग फिल्टर लावून डेक्स्ट्रोजमध्ये सोडायची. सलाईनमध्ये टाकायची नाही, औषध फुटतं. नवीन मुलींना मी हे रोज बजावून सांगायचे कारण एक व्हायल वाया जाणं परवडणारं नव्हतं. नातेवाईक एका व्हायलसाठी जिल्ह्याजिल्ह्यात फिरले. जूनमध्ये त्यावरचा जीएसटी शून्य केला, महात्मा फुले योजनेत म्युकर घेतलं, ते बरं झालं, पण मे महिन्यात ज्यांना मिळालं नाही त्यांचे चेहरे मी विसरू शकत नाही.

हे लिहिलं ते यासाठी की खरं नॅनो औषध कसं असतं ते लोकांना कळावं. ते व्हायलमध्ये असतं, त्यावर आतल्या औषधाचं नाव असतं, बॅच नंबर असतो, थंड जागेत ठेवावं लागतं, शिरेतून हळूहळू चढवावं लागतं, आणि देताना पोटॅशियम अन् किडनीसाठी क्रिएटिनिन बघावंच लागतं. मंगल कार्यालयात थेंब टाकून ते देता येत नाही.

न्यूरो_रेसिडेंट

सिस्टर, अगदी नेमकं लिहिलंत. त्यात एक भर घालतो. क्रिप्टोकोकल मेनिंजायटिस म्हणून मेंदूच्या आवरणाला बुरशीचं इन्फेक्शन होतं, मुख्यतः एचआयव्हीच्या पेशंटना. आफ्रिकेतल्या पाच देशांत आठशेवर पेशंटवर चाचणी झाली, लायपोसोमल अँफोटेरिसिनचा किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच मोठा डोस आणि सोबत दोन आठवडे गोळ्या, विरुद्ध साधं अँफोटेरिसिन आठवडाभर. दहा आठवड्यांनी मृत्यूचं प्रमाण २४.८ टक्के विरुद्ध २८.७ टक्के, म्हणजे नवी पद्धत जुन्यापेक्षा वाईट नाही हे सिद्ध झालं आणि साइड इफेक्ट कमी. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीच पद्धत पहिल्या पसंतीची म्हणून सुचवली. आठवडाभर रोज शीर शोधायची आणि रोज रक्त तपासायचं, त्याऐवजी एक दिवस. छोट्या दवाखान्यासाठी हा फार मोठा फरक आहे.

नॅनोचा मेंदूरोगात सगळ्यात पक्का फायदा कुठं झाला असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. पार्किन्सन, अल्झायमर, लकवा यांत अजून असं काही हातात नाही. मेंदूतल्या ट्यूमरवर, म्हणजे गाठीवर, जर्मनीत लोहाचे नॅनोकण गाठीत टोचून बाहेरून चुंबकीय क्षेत्रानं ते तापवायचे अशी पद्धत निघाली, २०१० मध्ये युरोपात तिला मान्यताही मिळाली, पण ज्या अभ्यासावर ती मिळाली त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि एकदा ते लोह डोक्यात बसलं की त्या जागेचा एमआरआय नीट येत नाही.

आंबाजोगाईकर_वैद्य

धागा वाचला. सगळ्यांनाच एका माळेत ओवू नका ही विनंती. आमच्याकडं सुवर्णभस्म पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं, पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनासाठी आयांची रांग लागते, आणि भस्मातले कण नॅनो आकाराचे असतात हे आधुनिक यंत्रांनीच दाखवलंय. मग आमचे पूर्वज नॅनो वापरत होते हे मान्य करायला काय हरकत आहे?

न्यूरो_रेसिडेंट

वैद्यराज, भस्मात नॅनो आकाराचे कण सापडतात हे मान्यच आहे. माझा प्रश्न त्यापुढचा. तोंडावाटे घेतलेले ते कण आतड्यातून रक्तात किती जातात, रक्तातून मेंदूत किती, आणि गेले तर त्यानं पेशंटचं चालणं, बोलणं, स्मरण सुधारतं का? हे मोजलं पाहिजे आणि मोजेपर्यंत पार्किन्सनवर लागू पडतं असं म्हणता येत नाही. हाच नियम मी अमेरिकेतल्या कंपनीलाही लावतो. आणि एक कळकळीची विनंती, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून सुवर्णप्राशनच काय, काहीच देऊ नका, मधात बोट्युलिझम या आजाराचे बीजाणू असू शकतात, त्यांचं विष नसांवरच हल्ला करतं.

आंबाजोगाईकर_वैद्य

मधाचं मान्य, मी स्वतः लहान बाळांना तुपातूनच देतो. मोजलं पाहिजे हेही मान्य. आमच्या महाविद्यालयांत असे अभ्यास व्हावेत म्हणून मी बोलत असतो, निधी मिळत नाही. शिबिरवाल्यांशी मात्र आमची गाठ घालू नका, ते वैद्यही नाहीत.

उदगीरची_लेक

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या बाबांना एमएनडी आहे, एएलएस म्हणतात तो, स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात. हैदराबादला निदान झालं. हात आधी गेले, आता बोलणं जड झालंय, पाय अजून चालतात. बाबा शिक्षक होते, फळ्यावरचं त्यांचं अक्षर अख्ख्या उदगीरात प्रसिद्ध होतं. आता पेन धरता येत नाही तर भाऊ त्यांना मोबाईलवर बोट फिरवायला शिकवतोय. आम्ही त्यावरचं रिलुझोल हे औषध देतो. वरचं सोन्याचं वाचून विचारतेय, अमेरिकेत सोन्याचे नॅनोकण एएलएसवर देतात असं माझ्या मामेभावानं पाठवलं होतं, ते खरं आहे का, आणि ते इथं मिळवता येईल का? कितीही लागले तरी आम्ही जमवू.

न्यूरो_रेसिडेंट

ताई, बातमी खरी आहे, अर्धी. सीएनएम-एयू८ नावाचं, पाण्यात तरंगणाऱ्या सोन्याच्या नॅनोस्फटिकांचं पिण्याचं औषध आहे. पेशींची ऊर्जा तयार व्हायची जी यंत्रणा आहे तिला आधार द्यायचा असा त्यामागचा विचार. बोस्टनच्या हिली प्लॅटफॉर्म चाचणीत, जिथं एएलएसवरची अनेक औषधं एकत्र तपासतात, ते एएलएसच्या पेशंटना दिलं गेलं, २०२२ मध्ये निकाल आला, आणि २४ आठवड्यांत आजाराचा वेग कमी व्हावा हा जो मुख्य निकष आधी ठरवला होता त्यावर फरक दिसला नाही. त्यानंतर कंपनीनं जगण्याच्या कालावधीबद्दल काही चांगले आकडे पुढं ठेवले, पण निकाल आल्यानंतर शोधलेले आकडे नव्या चाचणीत तपासूनच घ्यावे लागतात.

म्हणून बाजारात कोणी ते सोनं म्हणून काही विकत असेल तर घेऊ नका ताई. पैसे जमवू म्हणालात ते वाचून काळजी वाटली, कारण अशाच घरांवर या लोकांचा डोळा असतो. बाबांना आत्ता फायदा होईल अशा दोन गोष्टी आहेत. श्वासाची ताकद तपासून घ्या, झोपल्यावर दम लागतो का, सकाळी डोकं दुखतं का ते विचारा, बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन, वेळेवर सुरू झालं तर आयुष्य वाढतं आणि झोप सुधारते. आणि बोलणं जड झालंय म्हणजे गिळण्याकडंही लक्ष द्या, वजन उतरायच्या आत पोटात नळी टाकायचा निर्णय घेतलेला बरा, श्वास कमी झाल्यावर ती टाकणं अवघड जातं. आवाज आहे तोवर तो रेकॉर्ड करून ठेवा.

उदगीरची_लेक

सकाळी डोकं दुखतं म्हणतात. आम्हाला वाटलं उन्हानं असेल.

न्यूरो_रेसिडेंट

या आठवड्यातच दाखवा ताई. थांबू नका.

पीएचडी_संभाजीनगर

मी फार्मास्युटिक्समध्ये पीएचडी करतोय, विषय हाच, मेंदूसाठी पॉलिमरचे नॅनोकण. प्रयोगशाळेत काय होतं ते मोकळेपणानं लिहितो.

कणांवर आम्ही पॉलिसॉर्बेट ८० या साबणासारख्या रसायनाचा थर देतो. ही युक्ती १९९० च्या दशकात फ्रँकफर्टच्या योर्ग क्रॉयटर यांच्या गटानं दाखवली. असा कण रक्तात गेला की त्याला रक्तातलं एपोई नावाचं प्रथिन चिकटतं, आणि मेंदूच्या वाहिन्यांवर त्या प्रथिनाला ओळखणारे रिसेप्टर असतात, ते कणाला आत ओढतात. कागदावर फार सुंदर. पण एपोईला यकृतही ओळखतं. उंदराला टोचल्यावर यंत्राखाली धरलं की स्क्रीनवर आधी उजळतं ते यकृत, मग प्लीहा, आणि मेंदूत बघायला सेटिंग वाढवावं लागतं. २०१६ मध्ये टोरांटोच्या गटानं आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले तर टोचलेल्या नॅनोकणांपैकी कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचणारे मध्यमानानं ०.७ टक्के निघाले. आणि त्या शरीरातल्या गाठी, जिथं भिंत ढिली झालेली असते. मेंदूचं तर त्याहून अवघड.

दुसरी गोष्ट उंदराची. २०१६ मध्येच कॅलटेकमधून एक विषाणू-वाहक आला, २५ नॅनोमीटरचा, जनुक मेंदूत नेण्यासाठी बनवलेला. उंदरांच्या मेंदूत तो इतका छान पसरला की सगळं क्षेत्र हलून गेलं. मग कळलं की तो उंदरांच्या ठराविक जातींतच चालतो, दुसऱ्या जातीत नाही, माकडांत नाही. तीन वर्षांनी कारण सापडलं, ज्या रिसेप्टरला धरून तो आत जातो तो त्या जातींच्याच मेंदूवाहिन्यांवर तसा असतो, माणसात तो रिसेप्टर नाहीच. म्हणून उंदीर बरा झाला अशी बातमी वाचली की मी आधी बघतो उंदीर कोणता.

तरी मी हे काम सोडणार नाही. यकृताकडं जाण्याचीच गोष्ट कोणी फायद्यात वळवलीय बघा. पॅटिसिरान नावाचं औषध, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर, हातापायाच्या नसा खराब करणाऱ्या एका आनुवंशिक आजारावर. तो आजार यकृतात बनणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनानं होतो. मग चरबीच्या नॅनोकणात ते प्रथिन बनणं रोखणारा आरएनए भरून तीन आठवड्यांतून एकदा शिरेतून द्यायचा, कण यकृतात जातो, प्रथिन बनणं कमी होतं, नसांची झीज थांबते, काही पेशंटमध्ये सुधारते सुद्धा. म्हणजे नसांचा आजार, अन् औषध नसेजवळ न्यावंच लागलं नाही. सुरुवातीची किंमत वर्षाला साडेचार लाख डॉलर, तेव्हाच्या भावानं तीन कोटींच्या वर. हे वाचून माझी झोप उडाली होती. आपल्याकडं दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या धोरणात पेशंटमागे मदत ५० लाखांपर्यंत. म्हणून असं काम आपल्या विद्यापीठांत, आपल्या किमतीत व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मांजरातीर

०.७ टक्के म्हणजे आमच्या टेलच्या कालव्यासारखंच की. जायकवाडीतून पाणी सोडल्याची बातमी पेपरात, अन् आमच्या चारीपर्यंत ओल बी येत नाही. आता मला समजलं तुम्ही सगळे पोचतं का, पोचतं का कामून विचारायलात ते.

परळीकर

मला उलटा प्रश्न पडलाय. औषध आत जात नाही म्हणता, मग घाण कशी जाते? आमच्याकडं थर्मलची, म्हणजे वीज केंद्राची राख, पहाटे गाडीच्या काचेवर थर असतो. बारीक धूळ मेंदूत जाते असं वाचलं होतं.

पीएचडी_संभाजीनगर

@परळीकर प्रश्न एकदम योग्य. २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या मृत व्यक्तींच्या मेंदूत लोहाच्या ऑक्साइडचे, मॅग्नेटाइटचे, गोल नॅनोकण सापडले, आणि त्यांचा आकार-रूप जळणातून तयार होणाऱ्या कणांशी जुळत होतं. नाकाच्या छतात वास घेणाऱ्या नसा असतात, त्या थेट मेंदूत जातात, भिंत तिथं आडवी येत नाही, त्या वाटेनं कण गेले असावेत असं संशोधकांचं मत. त्या कणांनी आजार होतो हे त्यातून सिद्ध झालं नाही, पण अशा वर्षानुवर्षं थोड्या थोड्या जाणाऱ्या कणांची काळजी करण्यासारखी आहे. आणि म्हणूनच धातूचे नॅनोकण औषध म्हणून देताना ते शरीरातून बाहेर कसे जाणार हे आधी विचारावं लागतं. चरबीचे कण शरीर पचवतं. धातू वर्षानुवर्षं राहू शकतो. कार्बनच्या लांब, ताठ नॅनोनळ्यांनी तर उंदरांत अॅस्बेस्टॉससारखी सूज आणलेली आहे.

कयाधू

माझा मुलगा नऊ वर्षांचा, फिट्स येतात. नाकातून मेंदूत औषध जातं म्हणता तर डॉक्टरांनी आम्हाला नाकात मारायचा स्प्रे लिहून दिलाय, मिडॅझोलॅमचा. तो नॅनो आहे का? अन् शाळेत ठेवला तर चालेल का, गुरुजी घाबरतात.

न्यूरो_रेसिडेंट

तो नॅनो नाही ताई, साधंच औषध आहे, नाकाच्या अस्तरातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं, कारण ते भिंत सहज ओलांडतं. पण घरी ठेवायला तो स्प्रे फार मोलाचा. फिट पाच मिनिटांच्या वर चालली तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत मारायचा, तोवर मुलाला कुशीवर करायचं, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काहीच घालायचं नाही, आणि थांबली नाही तर १०८ ला फोन. शाळेत एक जरूर ठेवा, डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी सोबत द्या, गुरुजींना एकदा दवाखान्यात घेऊन जा, नर्स दाखवतील. एक्स्पायरी बघत चला.

कयाधू

धन्यवाद डॉक्टर. गुरुजींना घेऊनच जाते.

सिस्टर_लातूर

डॉक्टर, टीबीच्या मेनिंजायटिसचं काय? आमच्याकडं लहान लेकरं येतात हो, उशिरा येतात. त्यांच्यासाठी काही नवीन आहे का?

न्यूरो_रेसिडेंट

सिस्टर, तिथं ही भिंतच आडवी येते. आयसोनायझिड, पायराझिनामाइड मेंदूच्या पाण्यात चांगलं जातं, रिफॅम्पिसिन, जे टीबीचं मुख्य हत्यार, ते फार कमी जातं. नॅनोकणांतून टीबीची औषधं द्यायचं काम भारतात बरीच वर्षं चाललंय, प्राण्यांवर चांगले निकाल आहेत, वॉर्डात वापरण्यासारखं काही आलेलं नाही. मला स्वतःला वाटतं की आपल्याकडच्या नॅनो संशोधनाचा पहिला हक्क या लेकरांचा आहे. तोपर्यंत ताप, उलट्या, मान ताठ, सुस्ती दिसली की आठवडा न घालवता आणणं, हेच.

वसमत_मेडिकल

पूर्णाकाठ भाऊ, तेच शिबिर आता आमच्या वसमतला यायलंय, पोस्टर लागलेत. पोस्टरवर लिहिलंय 'क्लिनिकल ट्रायल चालू, नोंदणी फी भरा'. फी चांगली घसघशीत आहे. काय करावं?

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

फी हीच पकडायची जागा आहे. भारतात औषधाची चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे, नोंदणी क्रमांक असतो, कोणीही मोबाईलवर उघडून बघू शकतं की चाचणी कोणत्या दवाखान्यात आहे, जबाबदार डॉक्टर कोण, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का. नंबर मागा, तिथल्या तिथं तपासा. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळं पेशंटला इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, आणि पेशंटकडून फी घेऊन औषध तपासणं ही चाचणी नव्हे, विक्री आहे. त्याच वर्षी केंद्रानं नॅनो औषधांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं बी काढलीत, कणांचा आकार किती, शरीरात कुठं साचतात, बाहेर कसे जातात हे सगळं दाखवावं लागतं.

आणि पोस्टरचा फोटो काढून ठेवा. १९५४ चा औषधं आणि जादूटोणासदृश उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत मेंदूचे विकार, मज्जासंस्थेचे विकार, लकवा, फिट्स हे सगळे आजार नावानिशी आहेत, यांवर उपाय म्हणून जाहिरात करणंच गुन्हा आहे. मी मामांच्या बाटलीचा, लेबलचा अन् पावतीचा फोटो लावून अन्न व औषध प्रशासनाच्या परभणी ऑफिसला लेखी तक्रार दिली, पोच घेतलीय. तुम्ही हिंगोलीत द्या. दोन जिल्ह्यांतून गेली तर वजन पडेल. मसुदा पाहिजे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मामांचं विचारत होते काहीजण. गोळ्या चालू आहेत, न्यूरोच्या डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या, बाटली माझ्याकडं पुरावा म्हणून आहे. मामा म्हणायले, 'खरं औषध आलं तर तूच पहिले सांगशील ना?' सांगीन म्हणालो.

वसमत_मेडिकल

व्यनि केलाय. फोटो काढले. केमिस्ट संघटनेच्या ग्रुपवर बी टाकतो, म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येक मेडिकलवर माहिती राहील.

उदगीरची_लेक

डॉक्टर, बाबांना दाखवलं. रात्री ऑक्सिजन खाली जातो म्हणून बायपॅप लिहून दिलं, भाड्यानं मिळतं असं कळलं, उद्या मशीन येतंय. पोटाच्या नळीचं बी बोलणं झालं, बाबा तयार आहेत. आवाज रेकॉर्ड करायला घेतलाय, त्यांनी पहिले पाढेच म्हटले, नंतर माझ्या पोरीचं नाव घेऊन गोष्टी सांगितल्या. मामेभावाला मी सीटीआरआयचं सांगितलं, तो बघणार आहे. भारतात एएलएसची नोंदलेली चाचणी दिसली तर नंबर इथं टाकते, जरा बघून सांगाल का?

न्यूरो_रेसिडेंट

टाका ताई, नक्की बघतो. मास्क नाकावर घट्ट बसत नसेल तर पहिल्या रात्रीच मशीनवाल्याकडून दुसरा साइझ मागून घ्या, बरेचजण तेवढ्यावरूनच वापरणं सोडून देतात.